आईच्या दातांचं पत्रक

तुमच्या घरातला पैसा कुठे जावा, हे ठरवतं कोण? घाईने उत्तर देऊ नका. गेल्या वर्षातला सगळ्यात मोठा खर्च आठवा आणि मग सांगा, तो तुम्ही घरात बसून ठरवला होता, की ओटीवर चहा पिऊन गेलेल्या कुणीतरी?

आमच्याकडे तो ओटीवरच ठरायचा. पेणजवळच्या गडब गावात, हायवे सोडून थोडं चाललं की आमचं घर. कमावणारे तिघे. बाबा रोह्याच्या एका केमिकल कंपनीत कंत्राटी कामगार. आई पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मी पेणलाच एका छापखान्यात कॉम्प्युटरवर पत्रिका आणि हँडबिलं जुळवते. तिघांचा पगार यायचा आणि वर्गणीला, आहेराला, कुणाच्या तरी बारशाला, कुणाच्या तेराव्याला निघून जायचा. महिनाअखेरीला आई दुकानदाराला "पुढल्या आठवड्यात देते" म्हणायची.  तो तेलाची पिशवी जरा जोरात ठेवायचा.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी आहे. कंपनीत युनियन होती तेव्हा तिची पत्रकं बाबा लिहायचे, आणि उरलेले गठ्ठे घरी यायचे. डब्यांच्या तळाला पत्रक, कपाटाच्या खणात पत्रक, शेजारी पोहे द्यायचे तर पुडीलाही पत्रक. मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. दुसरीत असताना मावशीला पहिलं पत्र लिहिलं, त्याची सुरुवात "बंधूंनो" अशी होती. मावशीने ते अजून ठेवलंय म्हणे. तेव्हा घरखर्च ताळ्यावर आणायचं मी ठरवलं, तर ते पत्रकाशिवाय कसं होणार?

आधी मोबाइलवरचं ॲप करून पाहिलं. त्यात खर्चाचे रकाने तयारच होते. सिनेमा होता, जिम होती, हॉटेल होतं. वर्गणी नव्हती. सुपं भरून द्यायचा गौरीचा ओवसा नव्हता. सुनेला पहिल्यांदा बघायला जाताना न्यायची साडी नव्हती. ज्याने ते बनवलं त्याच्या दारात ढोल वाजवत कुणी पावतीपुस्तक घेऊन आलं नसावं. मी ॲप काढून टाकलं आणि एका रविवारी जेवणं झाल्यावर आईबाबांना स्वयंपाकघरातच बसवलं.

"काय, संप करायचाय काय?" बाबांनी विचारलं.

"बैठक आहे. प्रत्येकाने आपला खर्च सांगायचा."

बाबांनी सांगितला. एसटीचा पास, तंबाखू, शिफ्टवरचा चहा. मी माझा सांगितला. रिचार्ज, मिनिडोर रिक्षाचं भाडं, पुस्तकं. मग आईकडे पाहिलं.

"माझा काय खर्च?" ती म्हणाली. "लिही काय तरी."

"काय तरी म्हणजे काय?"

"नाय काय, असं लिही."

आणि खरंच, मला तिच्या नावापुढे लिहायला काही सापडेना. ती रोज माझ्याबरोबर मिनिडोरने पेणला जायची, पण ते भाडं मी माझ्या खर्चात धरलं होतं. साड्या आहेरात आलेल्या. चपला माझ्या लग्न झालेल्या ताईच्या जुन्या. तीस वर्षं कमावणारी बाई, आणि तिच्यामागे एक ओळ नाही.

तिचा खर्च मला पुढच्याच आठवड्यात सापडला. थंडीचे दिवस होते, शेतावर जाळात मडकं ठेवून पोपटी लावली होती. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडीचे तुकडे. मडकं फोडल्यावर सगळे तुटून पडले. आईने स्वतःच्या पानातलं कोंबडीचं माझ्या पानात टाकलं, शेंगा बाबांच्या, आणि आपण बटाटा कुस्करून खात बसली. हे ती नेहमीच करायची. आम्ही त्याला माया समजत होतो. त्या दिवशी मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती चावत नव्हती. बटाटा जिभेने टाळूवर दाबून गिळत होती.

"दात दुखतो?"

"दुखायला शिल्लक हवेत ना."

पेणच्या डॉक्टरांनी पाहिलं आणि सांगितलं, वरचे उरलेले काढावे लागतील, हिरड्या भरल्या की वर पूर्ण कवळी, खाली चार दात. सगळे मिळून बावीस हजार. आई खुर्चीतून उठून पायात चपला घालू लागली. "एवढ्यात गाय येते," म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्यात माझी आई सुळे रंगवते. सोंडेच्या दोन्ही बाजूंचे, एक अख्खा आणि एक मोडलेला. डोळ्यांची आखणी मोठे कारागीर करतात, दागिने दुसऱ्या बायका. दात आईकडे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत शेकडो मूर्तींच्या तोंडात ती पांढरा रंग भरते. कवळीचं कारखान्यात कळलं तेव्हा तिथल्या बायका म्हणाल्या, "बाप्पाला एक दात पुरतो गो, तुला बत्तीस कशाला हवेत?" आई त्यांच्याबरोबर हसली, तोंडावर पदर धरून.

मी पत्रक जुळवलं. छापखान्यात रात्रपाळीला नाही, दुपारच्या सुट्टीत, मालकांना विचारून, कागदाचे पैसे भरून. वर ठळक अक्षरात "घरातील सर्व सभासदांस जाहीर निवेदन". खाली खर्चाच्या ओळी. पहिली ओळ, आईचे दात, दरमहा दोन हजार. मग किराणा, गॅस, वीज, भाडी, औषधं. बाबांची तंबाखू दीडशे, ती त्यांनी भांडून दोनशे करून घेतली. वर्गणी, वर्षाला एकदाच, एकाच मंडळाला. आहेर पाचशे एक, कोणाचाही असो. आणि शेवटी नियम, की यातला कोणताही आकडा बैठकीत तिघांची मतं घेतल्याशिवाय बदलणार नाही. तांदळाची खळ केली आणि ते स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवलं.

आतून चिकटवलं, पण आमच्याकडे स्वयंपाकघराच्या आत कोण येत नाही? माझी सख्खी काकू विरजण मागायला आली, उभ्याउभ्या पत्रक वाचून गेली, आणि दुसऱ्या दिवशी विहिरीवर आईला विचारलं गेलं, पहिल्या महिन्याचे दात आले का.

आई घरी आली ती धुमसतच. "माझे दात गावाला वाचायला लावलेस व्हय गो? तुझ्या बापाने कंपनीची भांडी रस्त्यावर घासली, तू घरातली घास."

"तुझे दात पडले ते तू चोरी केलीस म्हणून पडले का? मग लपवायचं कशाला?"

"पत्रक काढ."

"बैठकीत मांड."

तिने मांडलं नाही. मी काढलं नाही. तिने त्यावर कॅलेंडर लटकवलं. मी रोज सकाळी कॅलेंडर खिळ्यावरून काढून ओट्यावर ठेवायची, ती रोज पुन्हा लटकवायची. असं बरेच दिवस चाललं.

ठरवलेलं पाळणं हे फार कंटाळवाणं काम आहे. कुठलंच पत्रक हे सांगत नाही. पत्रकात लढा असतो, विजय असतो, मधली मंगळवारची संध्याकाळ नसते, जेव्हा हप्त्यावर साड्या विकणारी बाई ओटीवर गाठोडं सोडून बसलेली असते आणि "घे गो, पैसे कुठं पळतात?" म्हणत असते. वर्गणीवाल्या पोरांना मी दारातच सांगितलं, यंदाची दिली, पावती दाखवते. त्यातला एक म्हणाला, "ताई, देवाला पण रेशन?" मी म्हटलं, देवाचे दात रंगवणारीला आधी दात बसू देत.  दुसऱ्या दिवशी आमच्या घराला "रेशन दुकान" असं नाव पडलं. पडू दे.

पैसे आईच्याच बँकेच्या खात्यात जात होते. त्यातून चैत्रात वरचे दात काढून झाले. आता हिरड्या भरेपर्यंत थांबायचं आणि उरलेले पैसे साठवायचे. आई गाल आत गेलेल्या चेहऱ्याने कारखान्यात जाऊ लागली. बोलताना पदर तोंडावर. आता मागे फिरायला वाटच नव्हती. मध्येच पैसे गेले असते, तर ती अशीच राहिली असती.

आणि वैशाखात काकांच्या मुलाचं लग्न निघालं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. डोलवीला त्यांच्या गाड्या कंपनीत लावलेल्या आहेत, हात सढळ, आवाज मोठा. आमच्या भावकीत एक रीत आहे. थोरल्या घराने हळदीच्या दिवशी नवऱ्याच्या बोटात अंगठी घालायची. थोरलं घर म्हणजे आम्ही. आणि मी काही लपवत नाही, माझ्या ताईच्या लग्नात काकांनी लोखंडी कपाट दिलं होतं. आरशाचं. टेम्पोतून वाजतगाजत रोह्याला तिच्या सासरी पोचवलं होतं.

काका हळदीच्या पंधरा दिवस आधी आले. पाणी प्यायला थेट स्वयंपाकघरात गेले. त्या दिवशी कॅलेंडर ओट्यावर होतं.

"आहेर पाचशे एक, कोणाचाही असो," त्यांनी मोठ्याने वाचलं. मग बाहेर येऊन बाबांसमोर बसले. "कोणाचाही म्हंजे? मी कोणी पण झालो काय, दादा?"

बाबा तंबाखू मळत होते. "बैठकीत ठरलंय."

"कंपनीतली युनियन बुडवलीस, आता चुलीत काढलीस? अंगठी थोरल्या घराची असते. तीन ग्रॅमची घाल, दोनची घाल, पण बोटात दिसू दे. माइकवर नाव वाचतात, गाव ऐकत असतो."

हा माइक तुम्हाला माहीत असेल. आमच्याकडे हळदीला मांडवात एक जण वही घेऊन बसतो, दुसरा माइक घेऊन. कोणी काय आहेर दिला ते नावासकट, आकड्यासकट गावभर ऐकू जातं. वेशीवरच्या कुत्र्यालाही कळतं कोणाची किती ऐपत.

काका गेल्यावर आई म्हणाली, "खात्यातले काढ."

"ते दात आहेत."

"दात काय, हिरड्यांनी पण भात जातो. उद्या माइकवर पाचशे एक वाचलं तर ह्यांनी मान कुठं घालायची? कपाट विसरलीस?"

"मग दुरुस्ती मांड. मतं घेऊ."

मला वाटलं ती चिडून आत जाईल. ती बसली, पदर सावरला आणि पहिल्यांदाच रीतसर बोलली. "मी मांडते. दातांचे पैसे अंगठीला द्यायचे. माझं मत हो."

माझं मत नाही. दोघी बाबांकडे बघत राहिलो. मान खाली जाणार होती ती त्यांचीच. आयुष्यभर मजुरी केलेल्या माणसाकडे गावात दाखवायला दुसरं असतं काय? मी मनात धरून चालले होते की ते हो म्हणतील, आणि तसं झालं तर मी पत्रक फाडून टाकणार होते.

बाबांनी डबी उघडून बोटावर चुना घेतला. मग म्हणाले, "कपाट त्याने पुतणीला दिलं. मला उसनं दिलं नव्हतं. तिच्या साड्या आहेत त्यात, वापरतेय पोर. ते फिटलं तिथंच." चुन्याची डबी मिटली. "अंगठीला माझं मत नाही."

"अवो, लोक काय बोलतील?"

"बोलतील. त्यांना दात आहेत."

आईला हसू आलं आणि तिने ते पदराआड दाबलं.

आता नीट वाचा, कारण हे ऐकून लोक मला म्हणतात की तुम्ही नातं तोडलंत. आम्ही काय केलं ते सांगते. बाबांनी मांडवासाठी तीन दिवस खाडे केले. कंत्राटी माणसाचा खाडा म्हणजे बिनपगारी, ते पैसे बैठक घेऊन मी पत्रकावर पेनाने लिहून किराण्यातून वजा केले. लग्नाच्या पत्रिका मी जुळवल्या, मजुरी घेतली नाही. आईने सुट्टी काढून हळदीच्या मटणाचं वाटण केलं. खोबरं भाजणं, कांदा भाजणं, लसूण सोलणं, सगळं. दोन दिवस तिच्या हाताला दुसरा वास नव्हता. म्हणजे द्यायचं ते आम्ही दिलं होतं. फक्त वहीत लिहिता येईल असं काही दिलं नव्हतं.

हळदीच्या संध्याकाळी मांडव भरला. दिवेलागणीला आहेर वाचायला सुरुवात झाली. मामांची अंगठी. आत्याची चेन. मित्रमंडळींचा फ्रीज. माइकवाला प्रत्येक नावानंतर थांबायचा, बँजोवाला एक तुकडा वाजवायचा. मग तो म्हणाला, "थोरल्या काकांकडून," आणि वहीत पुन्हा पाहिलं, चुकलं तर नाही ना म्हणून. "पाचशे एक."

बँजो वाजला नाही. बाबा मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, तसेच उभे राहिले. काकांनी माइक हातात घेतला आणि हसत म्हणाले, "सांभाळून घ्या मंडळी. दादाच्या घरात सध्या दुष्काळ हाय. दातांचा."

मांडव हसला. त्यांचा राग मला समजतो. दुखावलेला माणूस विनोद करतो. पण तेव्हा मी उठणारच होते. माझ्याकडे बोलायला बरंच होतं. सगळं पत्रकासारखं, "बंधूंनो"पासून.

माझ्याआधी आई बोलली. ती बायकांमध्ये पुढेच बसली होती आणि काका तिच्या जवळच उभे होते, म्हणून माइकने तिचं बोलणं आपोआप पकडलं. तिने पदर खाली घेतला होता.

"बरोबर बोललात भावजी," ती म्हणाली. "वर एक पण नाय. पोराला माझा आशीर्वाद हाय, पाचशे एक हायत, आणि तुमच्या मटणाचं वाटण हाय. ते वाचलं नाय यांनी. ते पण वाचा म्हणावं."

माइकवाला गोंधळला. "काय वाचू काकू?"

"वाटण. अडीचशे माणसांचं."

त्याने काकांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि माइक परत घेऊन सवयीने वाचून टाकलं. "थोरल्या काकूंकडून, मटणाचं वाटण." बँजोवाल्याने, तोही सवयीने, तुकडा वाजवला.

बायकांमध्ये हशा उठला, पण हा वेगळा होता. मागून एक म्हातारी म्हणाली, "माझं पण वाच रं बाबा, तांदूळ निवडून डोळे गेले." दुसरी म्हणाली, "तीन पिंप पाणी, लिहून घे." "भांडी अजून घासायचीत, ती आधीच लिही, उद्या विसरशील." माइकवाल्याने चारपाच वाचली, प्रत्येकीला बँजो मिळाला. मग काकांनी त्याच्या हातातून माइक घेतला आणि जेवणाची पंगत बसवायला सांगितली.

घरी परतताना आई पदर पुन्हा तोंडावर घेऊन पुढे चालत होती. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "मना नाय आवडलं ते. लग्नाच्या घरात असं बोलायचं नसतं." ती दोन दिवस कारखान्यात गेली नाही. काकांनी आमच्याकडे येणं बंद केलं. पावसाळ्यात लावणीला दरवर्षी त्यांचा ट्रॅक्टर यायचा, यंदा भाड्याने आणावा लागला, आणि त्यासाठी दोन बैठका घ्याव्या लागल्या, कारण तो खर्च पत्रकात नव्हताच. बाबांनी स्वतःहून तंबाखू शंभरावर आणली. हे सगळं त्या पाचशे एकाचं बिल आहे, आणि ते आम्ही भरलं. मला कोणी विचारलं की पुन्हा करशील का, तर हो. पण फुकट पडलं असं मी सांगणार नाही.

कवळी दिवाळीच्या आधी आली. पहिले काही दिवस ती आईला टोचायची, ती काढून वाटीत ठेवायची आणि म्हणायची, "हिच्यापेक्षा हिरड्या बऱ्या होत्या." मग एका संध्याकाळी मी घरी आले, तर ती चुलीपुढे एकटी बसून सुका जवळा भाजून भाकरीबरोबर खात होती. कुडुमकुडुम आवाज येत होता. मला पाहून तिने पान पुढे केलं नाही. "भूक लागली असेल तर तुझं तू भाजून घे," म्हणाली, आणि खात राहिली.

काकू मात्र मधूनमधून विरजणाला येते. काकांना न सांगता. परवा तिने पत्रकापाशी उभं राहून विचारलं, "चष्म्याला किती धरावे गो महिन्याला?"

तुमच्याकडे एक मागणी आहे. येत्या लग्नसराईत तुम्हीही कुठल्या तरी मांडवात बसाल. वही तुमच्याकडे असेल, नाहीतर माइकवाला तुमच्या ओळखीचा असेल. त्याला आधीच गाठा आणि सांगा, आकडे वाचू नकोस. नावं वाच, आणि ज्याने जे काम केलं ते वाच, वाटणापासून भांड्यांपर्यंत. त्याने ऐकलं नाही, तर आपलं पाकीट देताना वर लिहून द्या, "रक्कम वाचू नये." एवढं करा. एका पाकिटावरची एक ओळ आहे, आणि ती कुणाच्या तरी घरात कामाला येईल.